हरलेल्या खेळाडूची खुर्ची



बुद्धिबळावर बोलण्यासाठी चालकांनी एखाद्या किताबवाल्या खेळाडूला न बोलावता माझ्यासारख्या कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला बोलावले, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते यंत्रमागाच्या खडखडाटात, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत. बुद्धिबळात मी कोणताही पराक्रम केलेला नाही. मात्र गेली सुमारे तीस वर्षे मी गावच्या बुद्धिबळ मंडळात खेळतो, स्पर्धा असली म्हणजे सतरंज्या झटकतो, टेबले मांडतो, जोड्यांचे कागद भिंतीला चिकटवतो आणि रात्री मोहरे मोजून पेटीत भरतो. तेव्हा मोठमोठ्या खेळाडूंच्या गाजलेल्या डावांविषयी मी बोलणार नाही. ते काम जाणकारांचे. मी बोलणार आहे ते गावच्या मंडळाविषयी: तेथे स्पर्धा कशी चालते, तिचे नियम असे का आहेत, आणि त्या खोलीत माणसे एकमेकांशी कशी वागायला शिकतात, याविषयी.

माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. मंडळातून किती विजेते निघाले यावर त्याची किंमत ठरत नाही. आज हरलेला माणूस पुढच्या रविवारी पुन्हा येऊन बसतो की नाही, यावर ती ठरते. हे कसे, ते आता पाहू.

खेळ आपला, नियम सर्वांचे

बुद्धिबळाचा उगम भारतात झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. चतुरंग या नावाने तो येथून इराणात गेला, तेथून अरबांच्या हाती पडला आणि त्यांच्याबरोबर युरोपात पोहोचला. तेथे पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर आणि उंट यांच्या चाली लांब पल्ल्याच्या झाल्या, आणि आज जगभर खेळतात तो वेगवान खेळ तयार झाला. आपल्याकडे मात्र देशी पद्धत पुष्कळ काळ टिकून राहिली. तिच्यात प्यादे पहिल्या खेळीत दोन घरे जात नसे. किल्लेकोटाऐवजी राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मारण्याची मुभा असे. शिवाय गावागणिक बारीकसारीक फरक. त्यामुळे मिरजेचा खेळाडू नागपुरास गेला तर पहिला अर्धा तास नियमांच्या वादातच जायचा.

या देशी पद्धतीत वाढलेला पंजाबचा मीर सुलतान खान हा एका जमीनदाराच्या पदरी होता. त्याच्याबरोबर तो विलायतेस गेला, तेथल्या नियमांनी खेळू लागला आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे त्याने ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. नंतर तो मायदेशी परतला आणि स्पर्धांच्या जगातून नाहीसा झाला. त्याला ग्रँडमास्टर हा मानाचा किताब मिळाला तो २०२४ साली, मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. अंगी कितीही गुण असला तरी मागे संस्था नसेल, तर तो धन्याच्या मर्जीवर उमलतो आणि मर्जी फिरली की सुकतो.

संस्था उभ्या राहिल्या त्या पुढे. जागतिक बुद्धिबळ महासंघ, ज्याला आपण फिडे म्हणतो, तो १९२४ साली पॅरिस येथे स्थापन झाला. अखिल भारतीय महासंघ १९५१ साली निघाला. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे झाली आणि तिचे विजेतेपद डी. वेंकय्या व आपले रामचंद्र सप्रे यांना विभागून मिळाले. एक नियम, एक पट आणि सर्वांना एकच मोजमाप, ही गोष्ट दिसायला साधी आहे. पण कोणत्याही न्यायाची सुरुवात तेथूनच होते.

कोणाचा डाव कोणाशी?

आता स्पर्धेकडे वळू. समजा, आपल्या गावात चौसष्ट खेळाडू जमले आहेत. पटावरही चौसष्टच घरे, तेव्हा हा आकडा हिशेबाला सोयीचा. या चौसष्टांतून पहिला कोण, हे ठरवण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली बाद पद्धत. हरला तो घरी गेला. कुस्तीच्या फडात किंवा क्रिकेटच्या गल्लीतल्या सामन्यांत आपण ही पाहतो. सहा फेऱ्यांत निकाल लागतो, एकूण त्रेसष्ट डाव होतात. पण हिशेब नीट पाहा. पहिल्या फेरीनंतरच बत्तीस जण, म्हणजे निम्मे लोक, पिशवी उचलून चालते होतात. रविवारची एकुलती एक सुट्टी खर्चून, पन्नास किलोमीटरवरून एस्टीने आलेला माणूस अकरा वाजता रिकामा.

दुसरी साखळी पद्धत. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावे. हिच्याइतकी न्याय्य रीत दुसरी नाही. परंतु चौसष्ट जणांना त्रेसष्ट फेऱ्या आणि दोन हजार सोळा डाव लागतील. एवढी सुट्टी कोणता मालक देतो?

या दोन्ही अडचणींतून वाट काढली ती तिसऱ्या पद्धतीने. तिला स्विस पद्धत म्हणतात, कारण १८९५ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली. तिचे तत्त्व असे: कोणीही बाद होत नाही. ठरलेल्या सात किंवा नऊ फेऱ्या सर्वांनीच खेळायच्या. पहिल्या फेरीत नावे बळाच्या क्रमाने मांडून वरच्या निम्म्यांची गाठ खालच्या निम्म्यांशी घालतात. म्हणजे पहिल्याची तेहतिसाव्याशी, दुसऱ्याची चौतिसाव्याशी. जिंकला त्याला एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा, हरला तर शून्य. पुढच्या प्रत्येक फेरीत समान गुण असलेल्यांची, किंवा जवळपास समान असलेल्यांची, जोडी लावायची. एकदा ज्याच्याशी खेळलो त्याच्याशी पुन्हा गाठ नाही. पांढरे आणि काळे मोहरे शक्यतो आलटून पालटून. खेळाडू विषम संख्येत असतील तर एकाला जोडीदार नसतो. त्याला त्या फेरीचा गुण न खेळता मिळतो आणि ही सवलत त्याच माणसाला दुसऱ्यांदा मिळत नाही.

याचा परिणाम मोठा मौजेचा होतो. जिंकणारा जिंकणाऱ्यांशी लढत वर चढतो आणि सात फेऱ्यांत चौसष्टांतला पहिला बहुधा वादाशिवाय निघतो. डाव होतात दोनशे चोवीस. आणि हरणारा? तो हरलेल्यांशी खेळतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत त्याला आपल्या तोलाचा माणूस भेटतो. संध्याकाळपर्यंत पन्नासाव्या क्रमांकावरच्या खेळाडूलाही दोन-तीन खरेखुरे विजय मिळालेले असतात. पहिल्या टेबलावरचा डाव जितक्या नेटाने चालतो, तितक्याच नेटाने शेवटच्या टेबलावरचाही. हरलेल्याची खुर्ची काढून घ्यायची नाही, त्याला पुढच्या फेरीत योग्य जागी बसवायचे, ही या पद्धतीची शिकवण आहे. समाज चालवण्याच्या ज्या अनेक युक्त्या माणसाने शोधल्या, त्यांत मी हिला वरची जागा देतो.

शेवटी दोघांचे गुण सारखे झाले तर काय? तेथेही एक सुंदर मोजमाप आहे. बुखहोल्झ नावाच्या जर्मन गृहस्थाने १९३२ साली ते सुचवले आणि आजही त्याच्याच नावाने चालते. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात, त्या सर्वांनी मिळून स्पर्धेत किती गुण मिळवले, याची बेरीज करायची. ज्याची बेरीज अधिक, तो वर. म्हणजे तुमच्या यशाची प्रत तुमच्यासमोर कोण बसले होते त्यावरून ठरते. यातून गमतीचा प्रसंग उद्भवतो. तुम्ही सकाळी ज्याला हरवले, तो दुपारी जिंकावा असे तुम्हाला मनापासून वाटू लागते! सकाळचा शत्रू संध्याकाळी आपला भागीदार होतो. स्पर्धेची शेवटची फेरी चालू असताना आपला डाव संपवून दुसऱ्याच्या टेबलामागे हात बांधून उभे राहिलेले लोक पाहा. त्यांतले निम्मे तरी हा हिशेब मनात करत असतात.

चार नियम आणि त्यांचे मर्म

मोहरे कसे चालतात हे दहा वर्षांचे मूल दोन दिवसांत शिकते. स्पर्धेचे नियम अंगी मुरायला मात्र वर्षे लागतात. त्यांतले चार सांगतो.

पहिला: हात लावलेला मोहरा खेळलाच पाहिजे. आपल्या मोहऱ्याला जाणूनबुजून स्पर्श केला तर तोच चालवायचा. समोरच्याच्या मोहऱ्याला केला तर तो मारता येत असल्यास मारायचा. मोहरा घरात नीट बसवायचा असेल तर आधी तसे बोलून दाखवायचे. घरी भावाभावांत ‘चाल परत घेतो’ चालते, येथे नाही. आमच्या धंद्यात करारावर सही झाल्यावर ‘आमचा अर्थ तसा नव्हता’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तशा माणसांना सहा महिने मंडळात पाठवावे, असे मला अनेकदा वाटले आहे.

दुसरा: घड्याळ. जुन्या काळी वेळेचे बंधन नसे. बाजू पडती दिसली की काही खेळाडू तासन् तास नुसते बसून समोरच्याला जेरीस आणत. १८८३ सालच्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्यांचे घड्याळ आले आणि हा प्रकार थांबला. तुम्ही विचार करता तेव्हा तुमचीच वेळ जाते. खेळी करून कळ दाबली की तुमचे घड्याळ थांबते, समोरच्याचे चालू होते. आजच्या घड्याळात आकडे दिसतात आणि बहुतेक स्पर्धांत प्रत्येक खेळीमागे काही सेकंदांची भरही पडते, पण तत्त्व तेच आहे. ज्याने तारखांवर तारखा पडताना पाहिल्या आहेत, जेथे उशीर झाला की पैसेवाल्याचे फावते आणि पगार अडकलेला माणूस खचतो, त्याला या घड्याळाची थोरवी सांगावी लागत नाही. उशिराची किंमत उशीर करणाऱ्यानेच मोजावी, हा त्यातला न्याय.

तिसरा: खेळी लिहून ठेवणे. लांब वेळेच्या डावात दोघांनीही प्रत्येक खेळी कागदावर टिपायची असते. वाद झाला तर पंच तो कागद पाहतो. आवाज कोणाचा मोठा, हे तेथे चालत नाही. मुलांना याचा प्रथम कंटाळा येतो. पुढे तीच मुले आपल्या वह्या जपून ठेवतात. दोन वर्षांपूर्वी आपण काय विचार करत होतो, ते त्यांना तेथे वाचता येते.

चौथा नियम पुस्तकात असा आकड्याने सापडणार नाही, पण मंडळ चालते ते त्यावर. डाव संपला की हात मिळवायचा, निकालावर दोघांनी सही करायची आणि मग बाहेरच्या टेबलावर बसून तोच डाव पुन्हा मांडायचा. ‘येथे उंट मारला नसतास तर?’ ‘मग मी हत्ती आणला असता.’ ज्याने हरवले, तोच दाखवतो की तू कसा वाचला असतास. दुनियेतल्या किती स्पर्धांत हे घडते, सांगा. दुकानदार शेजारच्या दुकानदाराला गिऱ्हाईक का तुटले ते समजावून देतो काय? निवडून आलेला उमेदवार पडलेल्याला मते कोठे कमी पडली ते दाखवतो काय? बुद्धिबळाच्या मंडळात हे रोज घडते आणि त्यात कोणी विशेष काही केले असे कोणाला वाटत नाही.

आकड्याचा मान आणि आकड्याचा ताप

आजच्या स्पर्धांविषयी बोलताना मानांकनाला, म्हणजे सगळे ज्याला रेटिंग म्हणतात त्याला, टाळता येणार नाही. अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवणारे अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या प्राध्यापकांनी ही पद्धत बसवली. अमेरिकेच्या महासंघाने ती १९६० साली घेतली, जागतिक महासंघाने १९७० साली. तिच्यामागचा विचार समजण्याजोगा आहे. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक आकडा असतो. दोघांच्या आकड्यांत दोनशेचा फरक असेल, तर वरच्याने चार डावांत साधारण तीन गुण मिळवावेत अशी अपेक्षा. अपेक्षेहून अधिक मिळवले तर आकडा वाढतो, कमी मिळवले तर घटतो.

उदाहरण घेऊ. तुमच्यापेक्षा दोनशे अंकांनी वर असलेल्या माणसाशी तुम्ही खेळलात आणि तुमचा गुणक वीस आहे. हरलात तर सुमारे पाच अंक जातील. बरोबरी केलीत तर सुमारे पाच मिळतील. जिंकलात तर पंधरा. म्हणजे बलवानाशी लढण्यात गमावण्यासारखे थोडे आणि कमावण्यासारखे पुष्कळ, हे या गणिताने कागदावर मांडून ठेवले आहे. दुबळ्याला वरच्याशी भिडण्याचे धैर्य देणारा हिशेब म्हणून मला तो आवडतो. जागतिक महासंघाने २०२४ साली या यादीची तळाची पायरी चौदाशेवर आणली. तिच्या खाली घसरले तर नाव यादीत दिसत नाही.

पण हाच आकडा ताप होऊन बसतो, हेही मी पाहतो. आई-बाप मुलाचा डाव पाहत नाहीत, त्याचा आकडा पाहतात. आकडा घटेल या भीतीने चांगला खेळणारा मुलगा गावच्या स्पर्धेत उतरत नाही, कारण तेथे खालच्यांशी गाठ पडेल. हे म्हणजे ताप मोजण्याच्या नळीला औषध समजण्यासारखे झाले. आकडा तुम्ही आजवर कसे खेळलात ते सांगतो. माणूस म्हणून तुमची इयत्ता ठरवण्याचे काम त्याला कोणी दिलेले नाही.

खोली आणि तिच्यातली माणसे

स्पर्धा वर्षातून दोन-चार वेळा. उरलेले दिवस मंडळ म्हणजे एक खोली असते. एखाद्या शाळेचा रिकामा वर्ग, वाचनालयाचा मागचा भाग, देवळाची ओवरी, नाहीतर कोणाच्या तरी वाड्याचा सोपा. दहा-बारा पट, त्यांतल्या दोनांत एखादे प्यादे हरवलेले असते आणि त्याच्या जागी बाटलीचे बूच उभे असते. कोपऱ्यात चहाची किटली. झटपट डाव चालू असला तर सर्वत्र एकच रीत: हरला त्याने उठायचे, जिंकला तो बसून राहणार आणि पुढचा त्याच्यासमोर येणार. उठलेला माणूस रांगेच्या शेवटी जातो आणि वाट पाहतो. डॉक्टर असो, वकील असो, नगरपालिकेचा शिपाई असो, रांग एकच. साठीचा निवृत्त हेडमास्तर नऊ वर्षांच्या पोराकडून मात खातो, चष्मा सावरतो आणि त्याच पोराला ‘शाबास’ म्हणून रांगेत जातो, हे दृश्य ज्या गावात रोज घडते, त्या गावाला समतेवर वेगळे व्याख्यान ठेवण्याची गरज थोडी कमी पडते.

दृष्टिहीन खेळाडू आला तर त्याच्यासाठी नियमात दुसऱ्या पटाची सोय आहे. त्या पटाची काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक आणि प्रत्येक मोहऱ्याला खुंटी. काळ्या मोहऱ्यांना ओळखण्याची खूण. तो बोटांनी चाचपून पाहतो, आणि खेळी दोघांनीही तोंडाने पुकारायची. हा एकच खेळ मला माहीत आहे, ज्यात डोळस आणि अंध एकमेकांसमोर कोणतीही सवलत न देता-घेता बसू शकतात.

अशा खोलीतून काय निर्माण होते, याचे उदाहरण सांगलीत आहे. तेथील नूतन बुद्धिबळ मंडळ भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ साली सुरू केले. हळदीच्या पेठेचे गाव पुढे बुद्धिबळाचे गाव म्हणूनही ओळखले जाऊ लागले, आणि तेथील उन्हाळी स्पर्धांना अनेक दशके परप्रांतांतूनही खेळाडू येत आले. हे एका हंगामाचे काम नव्हे. दरवर्षी तेच पट काढणे, तीच पत्रे लिहिणे, आलेल्यांच्या मुक्कामाची व्यवस्था लावणे, असे ते कंटाळवाणे आणि म्हणूनच मोठे काम आहे. मद्रासला १९७२ साली तेथील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल याच्या नावाने मंडळ निघाले. त्यामागे भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर मॅन्युएल एरन होते. आईकडून खेळ शिकलेला विश्वनाथन आनंद नावाचा मुलगा त्याच मंडळात जाऊ लागला, १९८८ साली भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला आणि पुढे जगज्जेता. खोली आधी, जगज्जेता मागाहून.

माझ्या क्षेत्रातलेही एक उदाहरण देतो. जर्मनीत कामगारांनी आपली निराळी बुद्धिबळ मंडळे काढली आणि १९१२ साली न्यूरेंबर्ग येथे त्यांचा संघ स्थापन केला. बारा-बारा तास राबणाऱ्या माणसाला विचाराची चैन परवडत नाही, या समजुतीला त्यांनी दिलेले ते उत्तर होते. हजारो कामगार त्या संघात खेळत. १९३३ साली हिटलरची सत्ता आली आणि इतर कामगार संस्थांबरोबर तो संघही मोडून टाकण्यात आला. हुकूमशाहीला बुद्धिबळाचे वावडे नव्हते. कामगार आपल्या खोलीत, आपल्या नियमांनी एकत्र बसतात, याचे होते.

दार कोणाला उघडे आहे?

येथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. ही खोली सर्वांची असे आपण म्हणतो, पण पुष्कळ वर्षे ती पुरुषांचीच होती. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा प्रथम भरली ती १९७४ साली, आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांनीही पुढे ते पद मिळवले. रोहिणी १९७६ साली, अवघ्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढा गहजब झाला! प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक महासंघाचे त्या वेळचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना अशा स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही. तेथून नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ साली जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही कोनेरू हंपी या ज्येष्ठ भारतीय खेळाडूवर मात करून, येथपर्यंत वाट आली. आदल्या वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळवले होते. महिला संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते आणि खुल्या संघात नाशिकचे विदित गुजराथी.

या विजयांचा आनंद आपण केला, फटाके वाजवले. आता आपल्याच गावच्या मंडळाची वेळ पाहू. रात्री आठ ते अकरा. या वेळेला किती मुली येऊ शकतील? दारावर ‘मज्जाव’ अशी पाटी नाही, पण वेळच पाटीचे काम करते. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याचीही तीच गत. पोरींसाठी आणि पाळीवाल्यांसाठी संध्याकाळचे व सकाळचे तास ठेवले, तर त्याला एका जादा किल्लीपलीकडे काहीही खर्च नाही.

दुसरा अडथळा पैशाचा. मानांकनाच्या स्पर्धेची प्रवेश फी, प्रवास आणि मुक्काम मिळून होणारा खर्च साध्या कामगाराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतका होतो. शिकवण्या निघाल्या आहेत, त्या वाईट आहेत असे मी म्हणत नाही. चांगला शिक्षक मिळणे भाग्याचेच. पण शिकवणीच्या खोलीत फी भरणारेच येतात आणि एकाच वयाचे येतात. तेथे साठीच्या माणसाची नऊ वर्षांच्या पोराशी गाठ पडत नाही. मोबाइलवर तर घरबसल्या जगातल्या कोणाशीही खेळता येते. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत मीही खेळणारे कामगार पाहतो आणि मला बरे वाटते. परंतु त्या खेळात हरलेला माणूस एक बोट फिरवतो आणि समोरचा नाहीसा होतो. हात मिळवायचा नाही, सही नाही, ‘उंट मारला नसतास तर’ नाही. खेळ राहतो, मंडळ जाते.

आणि मंडळे जात आहेत. कोठे वाडा पाडून इमारत उभी राहते, कोठे सभागृह लग्नकार्यासाठी अधिक भाड्याने जाते, कोठे किल्ली सांभाळणारे म्हातारे गृहस्थ वारतात आणि किल्ली कोणाकडे द्यायची हेच ठरत नाही. त्याचा मोर्चा निघत नाही, बातमी येत नाही. एके दिवशी पेटी माळ्यावर जाते, इतकेच.

काय करता येईल?

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती माणसे एकत्र बसून ऐकायला आणि विचार करायला शिकावीत म्हणून. बुद्धिबळाचे मंडळ हे त्याच घराण्यातले आहे. म्हणून या व्यासपीठावरून मी चार मागण्या ठेवतो. मागण्या ठेवणे हा माझा धंदाच आहे.

नगरपालिकेने आपल्या एका वाचनालयात किंवा शाळेत एक खोली रोज ठरावीक तास मंडळासाठी राखून ठेवावी, आणि ती लग्नसराईतही काढून घेऊ नये. मंडळाने वर्षातून एक तरी स्पर्धा नाममात्र फीची, स्विस पद्धतीची आणि रविवारच्या एका दिवसात संपणारी अशी भरवावी. तिच्यात पहिल्या बक्षिसाची रक्कम थोडी कमी करून ते पैसे जेवणावर आणि दुरून येणाऱ्यांच्या भाड्यावर खर्च करावेत. मुलींसाठी आणि पाळीत काम करणाऱ्यांसाठी वेळा बदलाव्यात. आणि चौथी मागणी आपणांकडे, श्रोत्यांकडे: आपल्या मुलाला किंवा नातीला स्पर्धेला घेऊन आलात तर नुसते बाहेर बसून राहू नका. आत या, एका पटासमोर बसा आणि हरा. घरी जाताना ते पोर तुम्हाला सांगेल की तुमचे कोठे चुकले. ते ऐकून घ्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा या.

जिंकण्याचे कौतुक करणारी व्यासपीठे पुष्कळ आहेत. आपल्या गावात कारखाने बंद पडलेली माणसे आहेत, परीक्षेत नापास झालेली मुले आहेत, निवडणुकीत पडलेले आणि धंद्यात बुडालेले लोक आहेत. या साऱ्यांना ‘तुझी खुर्ची अजून येथेच आहे, पुढच्या फेरीला ये’ असे सांगणारी जागा गावात किती आहेत, ते मोजून पाहावे. माझ्या मोजणीत फार थोड्या भरतात. त्यांतली एक खोली दहा-बारा पट, एक किटली आणि एक किल्ली एवढ्यावर चालते. ती चालू ठेवणे आपल्या ऐपतीबाहेरचे नाही.